रिकाम्या गाडीचं वजन

फोर्कमधलं जुनं तेल सडलेल्या मासोळीसारखा वास मारतं, असं संघपालने कुठंतरी वाचलं होतं. वास त्याहून वाईट निघाला. शनिवारची दुपार. जरीपटका वस्तीमागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरापुढच्या सिमेंटच्या अंगणात त्याने येझदी मोटरसायकलच्या इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा दिला, पुढचं चाक काढलं आणि दोन्ही फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, बुडाचे स्क्रू सोडले. काळं तेल आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत ठिबकायला लागलं. त्याच्या बायकोने, दीप्तीने, आतून खिडकी लावून घेतली.

"आज भाजीलेही हाच वास येईन पाहा," ती आतून म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तरची गाडी हाय वं ही."

"तेलही अठ्ठ्याहत्तरचंच दिसते."

संघपालचं सदर भागात वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. शिक्षण दहावी. बाकी सगळं हाताने आणि जिद्दीने शिकलेला. रिकाम्या काट्याने शून्य दाखवलं पाहिजे, एवढा एकच धर्म त्याने धंद्यात पाळला. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर गेले ते गेलेच. पाठोपाठ भूत, करणी, नजर हेही गेलं. विहारात दर रविवारी तो पोरांना सांगायचा, "कारण विचारा. कारण सांगितल्याशिवाय बापाचंही ऐकू नका." गाडी घरी आली त्या दिवशी शेजारच्या रुपरावने प्रेमाने लिंबू-मिरची आणून दिली. संघपालने लिंबाचं सरबत केलं, अर्धं रुपरावला पाजलं आणि मिरच्या परत दिल्या.

येझदी त्याने रागापोटी घेतली होती. सातव्या वर्षी, वडील गोपाळरावांच्या सायकलच्या दांडीवरून उतरून त्याने सदरच्या एका साहेबाच्या येझदीच्या टाकीला हात लावला, तर साहेबाने कानाखाली वाजवली. गोपाळरावांनी त्याला उचलून परत दांडीवर बसवलं. ती चपराक संघपालने पंचेचाळीस वर्षं सांभाळली आणि या वर्षी प्रताप नगरच्या ऋषिकेश नावाच्या पोराकडून गाडी घेतली. मुलगी उन्नती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला त्याने शब्द दिला होता: फोर्क नीट झाले की किल्ली तुझी.

वरचे नट खोलले तेव्हा स्प्रिंगच्या डोक्यावर भरती निघाली. स्प्रिंग बसली की मिस्त्री वर काहीतरी कोंबतात, त्याने गाडीचं तोंड उचललं जातं. पण इथे थरावर थर होते. खाली लेथवर नीट कातलेली बुशिंग. तिच्यावर हेक्सॉने वाकडा कापलेला पाण्याच्या पाइपाचा तुकडा. त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमची नळी. सगळ्यात वर नवे कोरे वॉशर, आठ-आठ. चार हातांचं काम, प्रत्येकाची घाई वेगळी. संघपालने स्प्रिंगा मोजल्या. लांबी पुस्तकात होती तेवढीच. खराबी काहीच नाही.

"वजन समजत नाही त्यांनी पाना धरू नये," असं म्हणत त्याने सगळी भरती भंगारच्या डब्यात फेकली.

तेल अडवणारे नवे रबरी सील बसवले. दोन्हीकडे मापून दीडशे-दीडशे मिली तेल ओतलं. चाक लावलं. खिडकीच्या गजाला दोरी बांधून गाडी सरळ उभी केली आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर, अगदी सीलला टेकवून, वायर बांधायची काळी प्लॅस्टिकची पट्टी आवळली. फोर्क दबला की खालचा भाग ही पट्टी वर ढकलतो. फोर्क परत उठतो, पट्टी वरच राहते. किती दबला ते कळतं. तो स्वतः बसला. चौऱ्याहत्तर किलोला बावीस मिलिमीटर. उन्नतीला बसवलं. अठ्ठेचाळीस किलोला चौदा. हिशेब सरळ होता. त्याने पट्टी परत खाली आणून सीलला टेकवली आणि हात धुतले.

रविवारी सकाळी पट्टी एकोणीसवर होती.

"गाडीवर कोण बसलं होतं?"

"मी तर आता उठून राहिली," उन्नती म्हणाली.

"माह्याकडे पाहू नका," दीप्ती म्हणाली. "त्या वासाच्या गाडीवर बसून मी कुठं जाणार हाय?"

गेटला आतून कुलूप होतं. संघपालने पट्टी खाली केली, चहाचा कप घेतला आणि पायरीवर बसला. ऊन अजून टाकीपर्यंत आलं नव्हतं. समोरच्या घरी कोणीतरी कपडे आपटत होतं. त्याने दुसरा घोट घेतला, तेव्हा फोर्क दबला.

आवाज झाला नाही. नवं तेल घातलेला फोर्क दबतो तसा तो सावकाश, गुळगुळीत दबला, आणि दबलेलाच राहिला. म्हातारा माणूस आधी अंदाज घेऊन मग टेकतो, तसं. दोरी थोडी सैल पडली. संघपाल उठला, फूटपट्टी लावून मोजलं. एकोणीस. डोक्यात आपोआप आकडा आला: पासष्ट किलो.

त्याने स्वतःलाच शिवी दिली. सोमवारी दुकानातून प्लॅटफॉर्म काटा घरी आणला. पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर. मग उलट. बेरीज एकशे एकोणचाळीस किलो, नुसत्या गाडीचीच. मग पुन्हा पुढचं चाक काट्यावर घेऊन तो पायरीवर बसून राहिला. अर्ध्या तासाने फोर्क दबला, एकोणीस मिलिमीटर. काट्यावरचा आकडा हललासुद्धा नाही.

"घ्या," संघपाल मोठ्याने म्हणाला. "वजनच नाही. म्हणजे कोणी नाही. म्हणजे फोर्कच खराब."

त्या दिवशी तो पोटभर जेवला. काटा खोटं बोलत नाही. स्प्रिंग थकली असेल, नळी वाकली असेल, सील चिकटत असतील. कारण असतंच. त्याने सदरच्या पार्टवाल्याला नव्या स्प्रिंगा सांगून ठेवल्या.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता उन्नती कॉलेजातून आली. दीप्तीला तिने बाजारातून आपल्या मोपेडवर मागे बसवून आणलं होतं. गेटापुढे नालीवरची फरशी उंच होती. उन्नती एकटी असली की मोपेड सरळ आत यायची. मागे कोणी असलं की खालचा स्टँड फरशीला घासायचा, खर्र. म्हणून दीप्ती तिथं उतरायची. आज ती विसरली.

"खर्र केलं ना," उन्नती म्हणाली. "आई, डायटिंग कर."

"तुह्या गाडीलेच खायले घाल काही. मरतुकडी हाय."

दीप्ती हसत आत गेली. उन्नती मोबाइल घेऊन येझदीवर चढली. हे तिचं रोजचंच झालं होतं. संघपाल पायरीवर एक तराजू खोलून बसला होता. त्याची नजर पट्टीवर गेली. चौदा. बरोबर.

मग फोर्क अजून दबला.

उन्नतीने मान वर केली नाही. अंगठ्याने काहीतरी पाहत पाहत ती सीटवर थोडी पुढे सरकली. मागच्याला नीट बसता यावं म्हणून माणूस सरकतो, तेवढीच.

"उतर," संघपाल म्हणाला.

"काय झालं?"

"उतर म्हणतो ना."

ती उतरली. फोर्क चौदा मिलिमीटर वर उठला. एकोणीस दबलेलेच राहिले.

"ही गाडी तुले भेटणार नाही."

"काहून पण? तुम्ही तर शब्द दिला होता."

"फोर्क खराब हाय."

"मग दुरुस्त करा. तुमचं कामच ते हाय." उन्नतीचा आवाज चढला. "अन् फोर्क खराब असते तर अशे ओरडता काय तुम्ही? सगळ्या विहाराले सांगत फिरता, कारण विचारा म्हणून. मी विचारून राहिली, बाबा. कारण सांगा."

संघपालने तोंड उघडलं. वाक्य लहान होतं. पण ते बोलला असता तर आजोबा, छप्पन साल, रविवारची पोरं, रुपरावला पाजलेलं सरबत, सगळंच एका फटक्यात खाली आलं असतं. आणि पोरीने विश्वास ठेवला असता तर ते त्याहून वाईट.

"फोर्क खराब हाय," तो पुन्हा म्हणाला. उन्नतीने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

रात्रभर त्याला भंगारच्या डब्यातले ते चार थर दिसत राहिले. शुक्रवारी दुकानातून त्याने ऋषिकेशला फोन लावला.

"गाडीचा फोर्क आधी तू खोलला होता काय गा?"

तिकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"काका, भरती काढली काय तुम्ही?"

"काढली. काहून?"

"काही नाही. वॉशर माझे होते. बाकीचे कोणाचे, मले माहीत नाही. चालवू नका पाहिजे तर. पण खोलू नका आता. उभी राहू द्या. बसता येईल अशी."

"कोणाले बसता येईल?"

"मी आता बसनं येणं-जाणं करतो, काका," ऋषिकेश म्हणाला. "गाडी घेतच नाही." आणि त्याने फोन ठेवला.

चार जणांनी दबलेला फोर्क पाहिला. दबणं दिसू नये म्हणून चौघांनी भरती घातली, गाडी पुढच्याच्या गळ्यात मारली, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. भित्रे, खोटारडे, हरामखोर साले. संघपालने चौघांनाही मनातल्या मनात आईबहिणीवरून धुतलं. आपण तसे नाही. आपण ही भानगड कोणाला विकणार नाही. मुळातूनच निकालात काढू.

रविवारी तो विहारात गेला नाही. दुपारच्या उन्हात त्याने येझदीचं चाक काढलं, मडगार्ड काढलं, दोन्ही फोर्क ओढून बाहेर काढले. तेल सांडलं. स्प्रिंगा वर्तमानपत्रावर आडव्या ठेवल्या. सीटचे बोल्ट सोडून सीट उचलली आणि छतावर टाकून आला. विटांवर उरली नुसती चौकट. तिच्यावर कोणी बसू शकत नव्हतं. चार वाजेपर्यंत तो तिच्यासमोर बसून राहिला. काही झालं नाही. कित्येक दिवसांनी त्याला झोप लागली.

सोमवारी सकाळी आठ वाजता उन्नती तयार होऊन बाहेर आली. बापाकडे न पाहता तिने मोपेड काढली. दीप्ती गेट उघडायला पुढे गेली. संघपाल अंगणात सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकत होता.

उन्नती मोपेडवर बसली. मागचा शॉकअप दबला. रोज दबतो तेवढा.

ती हेल्मेटचा पट्टा लावत होती.

शॉकअप अजून एकदा दबला. सावकाश. आधी अंदाज घेऊन, मग टेकून.

संघपालच्या हातातला भुसा खाली पडला.

"उन्नती."

तिने पाहिलं. चार दिवसांनी पहिल्यांदा.

"आज बसनं जा."

"कारण?"

दीप्ती गेट धरून दोघांकडे बघत होती. समोर कपडे आपटण्याचा आवाज चालू होता. वाक्य त्याच्या जिभेवर आलं, तिथंच थांबलं.

"मागच्या चाकात हवा कमी हाय," तो म्हणाला.

"कालच भरली," उन्नती म्हणाली. तिने किक मारली, सीटवर थोडी पुढे सरकली आणि निघाली.

ती एकटीच होती. गेटापाशी फरशी आली.

खर्र.