गॅलरीची कडी

हे खरं घडलंय. आमच्याच घरात घडलंय. कुणाला पटो न पटो, माझ्या हाताला त्या कडीचं गार लोखंड अजून आठवतं.

साल एकोणीसशे बहात्तर. वेळ रात्रीची नव्हे. भर दुपारची.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो. बाबा, मी आणि धाकटी. आई आधीच गेलेली. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. काचबिंदूनं डोळे गेले तसे घरी बसले, पण कान असे, की भिंतीवरचं घड्याळ किंचित मागे पडलं तरी सांगायचे. मी गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर होते. धाकटी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती पास झाली की मी मशीन सोडायचं, असं ठरलेलं.

आणि नेमकी तेव्हाच तिनं लायब्ररीतून ती कादंबरी आणली.

एका खोलीत राहणारे सहा विद्यार्थी. हुशार, देखणे आणि आतून नासलेले. पाच जण गंमत म्हणून सहाव्याला गच्चीवर कोंडतात. बाहेर कडाक्याची थंडी. तो दार वाजवत राहतो...

सकाळी तो मेलेला सापडतो. पाचही जण तोंडं शिवून घेतात.

रोज संध्याकाळी बाबांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून धाकटी त्यांना वाचून दाखवायची. पण मग एकटीच पुढे वाचत बसायची. दूध उतू जायचं. नर्सिंगची पुस्तकं धूळ खात पडलेली. मी ओरडले की तिचं एकच, "ताई, ते वाईट नाहीत गं. घाबरले होते."

"आणि मेला तो?"

"तो होताच तसा. चिकट."

उद्या रोग्यांची सेवा करणारी मुलगी हे बोलतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक मी कापडाच्या गाठोड्यात दडवलं. संध्याकाळी ते पुन्हा तिच्या मांडीवर होतं.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, आजचा दुपारचा भाग चांगला होता, सगळे मिळून शपथ घेतात तो.

धाकटीचा घास हातातच राहिला.

"बाबा, तिथवर मी अजून पोचलेच नाही. आणि दुपारी मी कॉलेजात होते."

मला वाटलं, कॉलेज बुडवून वाचत बसते आणि वर साळसूदपणे खोटं बोलते. खूप बोलले तिला. ती रडली.  बाबा मात्र नुसते स्टुलाच्या दिशेनं कान लावून बसले...

मग तिचा शेवटचा पेपर आला. दुपारी दोनचा.

त्या दिवशी कारखान्याची वीज गेली. मुकादमानं आम्हाला लवकर सोडलं. तीन वाजून गेले असतील, मी दाराच्या लॅचमध्ये किल्ली फिरवली.

आतून थाप ऐकू आली.

एक... थांबून पुन्हा एक.

बाबा खुर्चीत बसले होते. मान कलती, चेहरा ऐकण्यात रंगलेला. मी हाक मारली तसं त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"मध्ये बोलू नकोस. वाचतेय ती. काय वाचते बघ, दारावरच्या थापा, बाहेरच्या हाकासुद्धा वठवून दाखवते."

खोलीत कुणीच नव्हतं.

शेजारी रिकामं स्टूल.

थाप पुन्हा वाजली. मागच्या गॅलरीच्या दारावर.

त्या दाराची वरची कडी घट्ट होती. मलाही टाचा उंचावून, दोन्ही हातांनी ओढावी लागायची. ती आतून लागलेली होती.

मी दार उघडलं आणि धाकटी माझ्या अंगावर कोसळली. मुठी सुजलेल्या, आवाज पार बसलेला. पेपरला निघण्याआधी शेवटची चार पानं वाचावीत म्हणून ती गॅलरीत गेली होती. मागे दार लागलं. खाली बंद गोदाम, ऐकणार कोण?

कादंबरी तिनं छातीशी धरली होती. पहिल्यापासून तिच्याजवळच होती.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग माझ्याजवळ कोण बसलं होतं?"

मी स्टुलाला हात लावला.

उबदार होतं.

पेपर गेला. वर्ष गेलं. पुढल्या वर्षी ती पास झाली, मीही वर्षभर उशिरा मशीन सोडलं. धाकटी पुढे वॉर्डची मुख्य झाली. रोग्याची घंटा तिनं कधी दुसऱ्यांदा वाजू दिली नाही, आणि कादंबरी म्हणून पुन्हा हातात धरली नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. पुस्तक मीच लायब्ररीत परत दिलं होतं. नंतर ते कुणी नेलं, ठाऊक नाही. बाबांनी पुन्हा कुणाला काही वाचून दाखवू दिलं नाही. घरात एकटे असले की रेडिओ मोठ्यानं लावून ठेवायचे.

जायच्या आधी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. त्या दुपारी माझी किल्ली वाजली, तेव्हा वाचणारी थबकली होती. त्याच्या आधीचं तिचं वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं.

"मोठी बहीण संध्याकाळशिवाय येत नाही."

धाकटीला हे मी कधी सांगितलं नाही. माझ्या घरात आज एकाही दाराला कडी नाही. राग मात्र अजून जात नाही, आणि तो काढायचा कुणावर, हेही कळत नाही.

दुपारी मी स्टुलावर काहीतरी ठेवून देते. रिकामं ठेवत नाही.