भिंतीकडे फेकलेला बर्फ

ही गोष्ट घडलेली आहे. रचलेली नाही, कुठे वाचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती आयला कंगास आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. तिने सांगितलं त्यात मी काही वाढवलेलं नाही. उलट एकदोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या पुन्हा बोलायला ती तयारच नाही.

आणि हे रात्रीचं नाही.

मिशिगनच्या पार उत्तरेला, आमच्या कॅल्युमेट गावात, मागच्या जानेवारीतल्या एका मंगळवारी. सकाळी सव्वादहाला. लख्ख उजेडात.

त्या सकाळी आयला संतापलेली होती.

तिचा ओनी नऊ महिन्यांचा. दोन दिवस खोकत होता. साडेअकराला डॉक्टरांकडे पोचायचं होतं, आणि गाडी दारात अडकली होती. रात्रभर सरोवरावरून बर्फ आला होता, मांडीएवढा. त्यात नवरा, रसेल, गावाचे रस्ते साफ करणाऱ्या मोठ्या गाडीवर ड्रायव्हर. पहाटे त्याने आपल्याच गल्लीतून गाडी नेली आणि जाता जाता स्वतःच्याच दारासमोर बर्फाची कमरेएवढी भिंत घालून गेला!

"अगं, मशीन आहे ना गॅरेजमध्ये," तो फोनवर म्हणाला.

मशीन होतं. बर्फ फेकायचं, विजेवर चालणारं, लांब पिवळ्या वायरीचं. घर ऑक्टोबरात घेतलं तेव्हा घराबरोबरच आलेलं.

ओनीला दूध पाजून तिने झोपवलं, खोलीतल्या बेबी मॉनिटरचा दुसरा डबा कोटाच्या खिशात टाकला आणि बाहेर आली. घराच्या बाजूच्या भिंतीवर सॉकेट होतं. तिथे वायर लावली. मशीन चालू केलं. सोंडेतून बर्फ उडाला तो थेट शेजारच्या लेम्पी आजींच्या पायरीवर.

दार उघडलंच.

"ए पोरी! माझ्या दारात काय डोंगर बांधतेस? मी ऐंशी वर्षांची आहे, तुझा बर्फ उपसायला ठेवलंय का मला?"

"चुकून गेला, आजी!"

"कालही चुकून, आजही चुकून!"

धाडकन दार बंद.

आयलाचं डोकं तापलं. तिने सोंड फिरवली. आपल्याच घराच्या भिंतीकडे. घ्या, म्हणाली, आता बोला.

दहा मिनिटं काम झकास चाललं.

मग मशीन... बंद.

तिने खटका सोडून पुन्हा दाबला. काही नाही. पात्यात बर्फ अडकला असेल म्हणून काठीने टोकरून काढला. काही नाही. रसेलला फोन लावला.

"गरम झालं असेल," तो म्हणाला. "दहा मिनिटं थंड होऊ दे."

"बाहेर उणे अठरा आहे, रसेल. आणखी किती थंड करू?"

"अगं, मग प्लग बघ ना आधी."

दात-ओठ खात ती भिंतीपाशी गेली.

प्लग निघालेला होता.

वायर ओढली गेली असेल. तिने प्लग घट्ट बसवला, परत आली. मशीन सुरू. सोंडेतून बर्फ पुन्हा भिंतीवर.

चार मिनिटं.

बंद.

पुन्हा प्लग निघालेला. या वेळी तिने वायरीला सॉकेटच्या खालच्या कडीत पक्की गाठ मारली. तिच्या वडिलांनी शिकवलेली, होडीची गाठ. ती गाठ सुटत नाही. मग तिने सभोवार पाहिलं. कोणी पोरंटोरं तर चेष्टा करत नाहीत?

बर्फात पावलं होती.

फक्त तिचीच.

खिशातल्या डब्यातून ओनीचा घरघरता श्वास ऐकू येत होता. अकरा वाजत आले होते. ती मशीनशी परतली आणि या वेळी खटका दाबून मागे वळून, वायरीवर नजर ठेवून उभी राहिली.

मशीन घरघरलं.

आणि पिवळी वायर... बर्फातून हळूहळू वर उचलली गेली.

ताठ झाली. कोणीतरी दोन्ही हातांनी धरावी तशी.

गाठ सुटली. प्लग निघाला. वायर खाली पडली.

माणूस इथे घाबरतो. आयला घाबरली नाही, भडकली. दोन दिवसांची झोप नाही, पोर आजारी, नवरा शहाणपणा शिकवतोय, म्हातारी ओरडतेय, आणि आता हे! ती फावडं घेऊन भिंतीकडे धावली.

"कोण आहे? समोर ये ना! माझं पोर आजारी आहे, कळतंय का तुला? ये समोर!"

कोणी नव्हतं.

वारासुद्धा नव्हता.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं... खिशातला श्वासाचा आवाज थांबलाय.

तिने डबा कानाला लावला.

खर्र खर्र.

मग खोकला. ओनीचा नव्हे. म्हाताऱ्या माणसाचा, छातीतून आलेला.

मग आवाज. अगदी जवळून. रागावलेला, रडवेला.

"ऊठ. हिल्या, ऊठ ना. ऊठ!"

ती घरात कशी शिरली ते तिला आठवत नाही. ओनी पाळण्यात होता. गाल लालबुंद, मान लुळी. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. तिने त्याला ब्लँकेटसकट उचललं आणि तशीच लेम्पी आजींच्या दारावर जाऊन आपटली.

थंड हवा लागताच पोर किंचाळलं. आयला सांगते, इतका गोड आवाज तिने जन्मात ऐकला नाही.

पुढचं भराभर झालं. अग्निशमनवाले आले, ओनीला प्राणवायू लावून दवाखान्यात नेलं, संध्याकाळी तो हसायला लागला. घरात विषारी वायू भरला होता. तळघरात घर तापवणारी गॅसची भट्टी आहे, तिचा धूर बाजूच्या भिंतीतून एका पाइपाने बाहेर पडतो. तो पाइप सॉकेटच्या बरोबर खाली, दोन हातांवर. आयलाने स्वतःच फेकलेल्या बर्फाखाली गाडलेला.

आमच्याकडे थंडीआधी प्रत्येक जण त्या पाइपाशी लाल फडक्याची काठी रोवतो. आयला लाकडाच्या शेगडीच्या घरात वाढलेली. धूर छपरातून जातो एवढंच तिला ठाऊक. आणि असा वायू भरला की वाजणाऱ्या, छताला लावलेल्या घंटीतली बॅटरी रसेलने काढून ठेवली होती.

"का?" तिने दवाखान्यात विचारलं.

"सारखी टीक टीक करायची गं. ओनी उठायचा."

ती त्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही.

भट्टीच्या मेकॅनिकने आणखी एक सांगितलं. पाइप कोंडला की भट्टी आपोआप बंद व्हावी म्हणून एक कळ असते. ती कोणीतरी पूर्वीच तार जोडून निकामी केली होती. त्याने नवी बसवली. "आता पाइप कोंडल्याशिवाय ही बंद पडणार नाही," म्हणाला. मग जरा घुटमळला. "ताई, एक विचारू? एवढा वायू भरलेला असून बाळ वाचलं ते त्याच्या खोलीतल्या उघड्या खिडकीमुळे. ती तुम्ही उघडलीत ना?"

आयलाने उघडली नव्हती.

नोव्हेंबरातच तिने ती खिडकी प्लॅस्टिकचा कागद ताणून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केली होती. आता तो कागद आतून फाडलेला होता. काच वीतभर वर उचललेली.

आतून.

लेम्पी आजींनी सगळं ऐकलं.

"हिल्या," त्या पुटपुटल्या. "उरहोची बायको. तुमच्या आधी तेच राहायचे तिथे. सात वर्षं झाली. तिला सर्दी होती, पडून राहिली होती. हा बाहेर बर्फ काढत होता, याच मशीनने. भिंतीकडे फेकला. आत येऊन कॉफी केली, तिला हाका मारत राहिला... पुढच्या थंडीत तोही गेला."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" आयला ओरडली. "घर घेताना आम्ही तुमच्याकडे कॉफी प्यायलो, आजी! तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"तुम्ही दोघं किती खूश होतात गं. आणि परवा मी माझ्या दारात टाकू नकोस म्हटलं. भिंतीकडे टाक असं नाही ना म्हटलं..."

म्हातारी रडायला लागली. आयलाला तिची दयासुद्धा आली नाही.

गावात आता सगळे म्हणतात, उरहोने पोर वाचवलं. लेम्पी आजींनी तर वेलचीचा पाव भाजून त्या भिंतीपाशी ठेवला. रसेलही मान डोलावतो.

आयला डोलावत नाही. तिचं म्हणणं एकच. वायर बाहेर ओढली, ठीक. पण खिडकी आतून उघडली. म्हणजे तो खोलीत होता. ती बाहेर असताना, तिच्या पोराच्या पाळण्याशी. कधीपासून? रोज?

फेब्रुवारीत एका सकाळी ती ओनीच्या खोलीत उभी राहिली आणि रिकाम्या कोपऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "केलंत, उपकार झाले. पण हा माझा मुलगा आहे, तुमची हिल्या नव्हे. आता निघा माझ्या घरातून."

थोडा वेळ काहीच झालं नाही.

मग तळघरात टक् असा आवाज आला.

भट्टी... बंद.

ओनीला छातीशी धरून ती बाहेर पळाली. पाइप बघितला. लाल फडक्याची काठी जागेवर. पाइप स्वच्छ, मोकळा. आत हात घालून पाहिला. बर्फाचा कणही नाही.

मेकॅनिक आला. त्याला काही सापडलं नाही.

त्यानंतर भट्टी आणखी तीनदा अशीच बंद पडलीय. दर वेळी दिवसाच, दर वेळी ती एकटी असताना. दर वेळी पाइप मोकळा असतो.

मुद्दाम करतो, आयला म्हणते. मी निघा म्हटलं म्हणून मला पळवतो. म्हणते आणि चिडून रडते.

पण टक् झालं की ती पोराला उचलते आणि पळते. उणे वीस असो, उणे तीस असो.

कारण यातली कोणती वेळ खरी असेल, हे तिला कोणी सांगू शकत नाही.