लंकाबाईचा अर्धा बोल

तिसगावच्या बाजारतळामागे सहादेवाचं घर होतं. मधल्या भिंतीच्या अलीकडे दोन खोल्या शामकांत मास्तरांना भाड्याने दिलेल्या, पलीकडे सहादेवाच्या मोठ्या कुटुंबाचा सगळा बारदाना. ओसरी मात्र एकच आणि उंबराही एकच. युद्धामुळे रॉकेल मिळेना, म्हणून दोन्ही घरं उजेड आहे तोवरच जेवून घेत.

सहादेवाच्या घरात ज्याचा त्याचा एक ठरलेला बोल असे. आज्या-पणज्यापासून चालत आलेल्या या म्हणी घरच्यांनी जणू आपसात वाटून घेतल्या होत्या. रीत अशी, की ज्याचा बोल त्याने अर्धाच म्हणायचा आणि घरात जो कोणी असेल त्याने उरलेला पुरा करायचा. सहादेवाची आई लंकाबाई शेतावर निघाली की उंबऱ्यात थांबून आपला अर्धा बोल टाकी. आतून उत्तर आल्याशिवाय तिचं पाऊल बाहेर पडत नसे. तो बोल काही मी इथे सांगणार नाही. अर्धा ऐकला की उरलेला तोंडातून निघतोच, आणि उगाच कुणाच्या घरात नसतं लचांड कशाला?

मास्तरांना या रीतीची मोठी गंमत वाटे. शाळेत तरी ते दुसरं काय करत? अर्धं वाक्य आपण म्हणायचं, उरलेलं पोरांनी ओरडायचं. वर्ग गप्प राहिला की त्यांचा जीव कासावीस होई.

पण घरात त्यांच्या वाट्याला गप्पपणाच होता. नगरला असताना त्यांचं चार महिन्यांचं बाळ तापाने गेलं आणि त्या दिवसापासून त्यांच्या पत्नीने, दमयंतीने, एक शब्द उच्चारला नव्हता. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. ती स्वयंपाक करी, झाडलोट करी, आणि बाळाचं टोपडं कंबरेला खोचून दिवसभर वावरे. तिने एकदा, फक्त एकदा, पूर्वीसारखं 'अहो' म्हणावं, एवढंच मास्तर देवाजवळ मागत. लंकाबाई रोज दुपारी दाताला मिश्री लावत, एक गुडघा उभा करून दमयंतीजवळ येऊन बसायची आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलायची.

कार्तिकात लंकाबाई गेली.

तेराव्याला मास्तर शाळेतून थेट पंगतीला आले. ओसरीवर सगळे माना खाली घालून उभे होते. लंकाबाईची थोरली सून भीमाबाई उंबऱ्यात बाहेर तोंड करून उभी राहिली आणि तिने सासूचा अर्धा बोल मोठ्याने म्हटला. कुणी काही बोलेना. ती पुन्हा म्हणाली. पुन्हा शांतता. मास्तरांना वाटलं, रडण्यामुळे कुणाच्या तोंडून शब्द फुटत नसेल. सवयीने, आणि खरं सांगायचं तर मायेनेही, त्यांनी उरलेला बोल पुरा केला.

भीमाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. सहादेवाने पुढे होऊन दार ओढून घेतलं. वाढपी पत्रावळी मांडू लागले.

पौषात एका सकाळी मास्तर शाळेची टोपी झटकत होते. दमयंती केरसुणी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि बोलली.

आवाज तिचाच होता, थोडा घोगरा, वर्षभर न वापरलेला. शब्द मात्र लंकाबाईचे होते. तोच अर्धा बोल. पण मास्तरांना ते उमगायला वेळ कुठे होता? त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी आनंदाने बोल पुरा केला. दमयंती हसली आणि अंगण झाडायला गेली.

मग ते रोजचंच झालं. ती तेवढंच बोले, मास्तर तेवढंच उत्तर देत. तेवढ्यावरही ते सुखी होते. तिची भाकरी हळूहळू जाड झाली. ती एक गुडघा उभा करून बसू लागली. तिला मिश्रीचा वास येऊ लागला, तेव्हा मास्तरांनी तिकडे दुर्लक्ष केलं. सहादेवाचा म्हातारा बैल लंकाबाईवाचून कुणाला जवळ येऊ देत नसे. एक दिवस दमयंती गोठ्यात गेली आणि त्याने मान खाली घालून तिच्यापुढे कपाळ धरलं.

त्या दिवशी भीमाबाई आडाजवळ मास्तरांची वाट पाहत थांबली होती.

"मास्तर, मेलेल्या मानसाच्या बोलाला उत्तर देत न्हाईत. उत्तर न्हाई आलं म्हंजी त्याला कळतं, आता हितं आपलं कुनी न्हाई. मग ते जातं. तुमी बोलावून घेतलं आत्याबाईंना."

"असं काही नसतं, भीमाबाई."

"नसंल. पर उद्या तोंड मिटून ऱ्हावा. त्या जातील."

"आणि हिचं बोलणं?"

भीमाबाईने कळशी उचलली. "त्ये बोलनं तुमच्या बाईंचं हाय का, मास्तर?"

दुसऱ्या दिवशी ऊन ओसरीपर्यंत आलं होतं. दमयंती उंबऱ्यात आली आणि तिने अर्धा बोल टाकला.

मास्तरांनी दात दाबून धरले.

तिने वळून पाहिलं. पुन्हा म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता.

भिंतीपलीकडे जातं थांबलं. तिकडेही सगळे कान देऊन होते.

तिसऱ्यांदा तिचे ओठ हलले, आवाज पुरता आलाच नाही. बाळाला घेऊन गेले त्या दिवशी तिचा आवाज असाच विरत गेला होता. मास्तरांनी तो तेव्हाही ऐकला होता. पुन्हा ऐकणं त्यांना शक्य नव्हतं.

त्यांनी उत्तर दिलं.

दमयंतीच्या चेहऱ्यावर रंग आला. तिने केरसुणी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला, आणि पलीकडच्या दाराकडे चालू लागली. भीमाबाई दारात उभी होती. तिने वाट सोडली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, सासूसमोर घेतात तसा.

दारात दमयंती थबकली. कंबरेला काहीतरी खुपत होतं. तिने ते काढून पाहिलं, उलटसुलट केलं आणि मागे फिरली.

"अवो मास्तर," ती म्हणाली, "ह्ये टोपडं कुनाचं हाय?"

आणि ते त्यांच्या हातात ठेवून ती आत गेली.