बलभीम तात्यांचा केसपेपर

"मॅडम, आता तुमच्या कॅम्पची गरजच नाही. आमचं गाव दारूमुक्त झालं!"

रणधीर सरपंच मला पहिल्यांदा भेटले ते हे वाक्य घेऊन. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं जोडून मी दीड तास बसले होते आणि तेवढ्या वेळात एक शेळी तेवढी येऊन गेली होती. अशात हा माणूस समोर उभा! पांढराशुभ्र शर्ट, हातात माझ्यासाठी शाल-नारळ, आणि तोंडभर हसू.

मी डॉक्टर हर्षाली, मूळची जळकोटची. जिल्ह्याचा मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती विभाग माझ्याकडं आहे. विभाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मोठी इमारत येते. आमचा विभाग म्हणजे मी, समुपदेशक निकिता आणि ड्रायव्हरसकट एक जीप. तालुके आठ. जीप गावात शिरली की "येड्यांची गाडी आली" म्हणून बाया दारं लावून घेतात. या गावाचं नाव मी सांगणार नाही. सोनारीच्या अलीकडची एक वाडी समजा.

"कधी झालं दारूमुक्त?" मी विचारलं.

"परवा, मंगळवारी. अकरा जणांनी भैरवनाथापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली. आता थेंबसुद्धा नाही. फोटो दाखवू?"

"अकराही जण रोज पिणारे?"

"रोज! आमचे वडील, बलभीम तात्या, तर पंचवीस वर्षं."

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की माझं डोकंच फिरलं. "आणि परवापासून एकदम बंद? औषध नाही, दवाखाना नाही?"

"नाथापुढं शपथ घेतल्यावर औषध कशाला?"

"अहो सरपंच! रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की जिवावर बेततं. घाम सुटतो, झटके येतात, नसलेलं दिसायला लागतं. तिसरा दिवस सगळ्यात वाईट. आज कितवा?"

त्यांचं हसू गेलं. शाल तशीच हातात राहिली.

"तात्या सकाळपासून भिंतीवरच्या मुंग्या झाडतायत," ते हळूच म्हणाले. "भिंतीवर मुंग्या नाहीत, मॅडम…"

मी बॅग उचलली आणि पळत सुटले.

बलभीम तात्या मागच्या खोलीत घामानं निथळत बसले होते. त्यांची बायको, धुरपताबाई, त्यांच्यावरून लिंबू उतरवत होती. "देव परीक्षा बघतोय, बाई," ती म्हणाली. मी बॅग उघडली. तिथंच इंजेक्शन दिलं, बाकीच्या दहा जणांना तपासायला निकिताला आणि तालुक्याच्या डॉक्टरला लावलं, आणि तात्यांना जीपमध्ये घालून धाराशिवला निघाले.

रस्ताभर मी सरपंचांना झाडत होते. शपथ घ्यायला अक्कल लागत नाही, फोटो काढायला तर त्याहून नाही, असं बरंच काही. बापाचं डोकं मांडीवर घेऊन ते ऐकत होते. एकदा वर बघून म्हणाले, "बोला मॅडम. सगळं मला लागू आहे."

आता सांगा, अशा माणसाला पुढं काय बोलायचं? मी खिडकीबाहेर बघायला लागले. ज्वारी पोटऱ्यात आली होती… आणि मला उगाचच स्वतःचा राग आला.

बाकीचे दहाही जण सावरले, तात्याही वाचले. दहा दिवसांनी तात्या चालत घरी गेले. पण माझी खरी परीक्षा त्यानंतरच सुरू झाली. पंधरवड्यानं तपासायला गेले, तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"म्या बेलभंडारा उचललाय," तात्या म्हणाले. "नशा करनार न्हाय म्हून. गोळी म्हंजी बी नशाच की!"

"तात्या, या गोळीनं नशा होत नाही. उलट पिण्याची ओढ कमी होते."

"तुमी म्हनता. नाथानं कुटं म्हटलंय?"

मी कपाळावर हात मारून घेतला. एक तास समजावलं. चित्र काढून दाखवलं. शेवटी रणधीरनी घसा खाकरला. "मॅडम, एक करू या का… गोळ्या नाथाला दाखवून आणू?"

"काय?"

"शपथ ज्याच्यापुढं घेतली, त्यालाच विचारू. तात्यांचं समाधान होईल."

मी एवढी शिकले, परीक्षेत पहिली आले, आणि त्या दिवशी भर दुपारी अनवाणी, तापलेल्या फरशीवर उड्या मारत, भैरवनाथाच्या पायाशी गोळ्यांची पाकिटं ठेवत होते! तात्यांनी त्यांना भंडारा लावला, डोळे मिटले, बराच वेळ काहीतरी पुटपुटले आणि एक गोळी प्रसादासारखी तोंडात टाकली.

"मॅडम," निकितानं कानाशी विचारलं, "रजिस्टरला शेरा काय लिहू? देवाला दाखवून दिली?"

"गप्प बस गं!"

मागं रणधीर हसू दाबत होते. दाबलेलं हसू त्यांना फार शोभतं, हे मला तेव्हाच कळायला नको होतं.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तीच वरात. गोळ्या आधी देवळात, मग तात्यांकडं. मात्र कॅम्पला माणसं यायला लागली. "नाथाला चाललेली गोळी" म्हणून बातमी पसरली, आणि बाया नवऱ्यांना हाताला धरून आणू लागल्या. मला रडावं की हसावं कळेना.

सरपंच टेबलं लावायला येत, पाणी द्यायला येत, काही काम नसेल तर काम शोधत येत. एकदा शेतातून हुरडा भाजून आणला, वर लसणाची चटणी.

"मी कामावर असताना खात नाही."

"मग मी धरून उभा राहतो. काम संपलं की खा."

"गरम आहे तो. हात भाजेल तुमचा."

"भाजला तर डॉक्टर आहेच की इथं."

"मी हाताची डॉक्टर नाही, सरपंच. डोक्याची आहे."

"मग तर सोयीचंच झालं," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. मी हुरडा घेतला. घेताना बोटाला बोट लागलं… आणि आम्ही दोघंही एकदम शाळेच्या घंटेकडं बघायला लागलो.

असं दोन महिने चाललं. बोरं आणली. हरभऱ्याचा ढाळा आणला. माझ्या जीपचं पंक्चर स्वतः काढलं. फक्त बोलायचं तेवढं नाही! तोंड उघडायचे, "मॅडम, मी काय म्हणत होतो…" आणि मग म्हणायचे, "ऊन फार आहे नाही?"

खरं सांगते, ते बोलले नाहीत तेच बरं होतं. पेशंटच्या घरात जीव गुंतवायचा नाही, हा नियम मीच निकिताला शिकवला होता. आजारी माणसाचं घर डॉक्टरवर डोळे मिटून विश्वास टाकतं, त्या विश्वासाचा असा उपयोग करायचा नाही. तात्यांचा केसपेपर माझ्या नावावर असेपर्यंत रणधीरना मी "हो" म्हणू शकत नव्हते. आणि तात्यांना मध्येच सोडलं तर ते पुन्हा बाटलीकडं जातील, याची मला धास्ती होती. रात्री मीच छताकडं बघत पडायची. डोक्याची डॉक्टर म्हणे!

फेब्रुवारीत तालुक्याला मानसोपचाराचे डॉक्टर म्हणून वैजनाथ सर रुजू झाले. शांत, अनुभवी माणूस. मी त्यांना तात्यांची सगळी माहिती दिली, दोनदा बोलले, आणि कागद तयार केला. उपचार दुसऱ्या डॉक्टरकडं द्यायचे तर पेशंटची मर्जी लागते, सही लागते. तो कागद घेऊन मी सरपंचांच्या ओसरीवर जाऊन बसले.

तात्यांनी ऐकलं आणि कागद सरकवला. "न्हाय."

"तात्या, सर माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"असतील. म्या मरनारा मानूस, मला तुमी वडून आनलं. माझं काय चुकलं? एक गोळी तरी चुकवली का?" त्यांनी गोळ्यांचं पाकीट उचललं. "तुमी सोडनार असाल तर ऱ्हाऊ द्या समदं. ही बगा, आजपस्नं गोळीबी बंद!"

पाकीट अंगणात जाऊन पडलं. धुरपताबाईनं तोंडाला पदर लावला. दोन महिन्यांची मेहनत अंगणात पडलेली, आणि ती मीच घालवलेली.

वर रणधीर माझ्यावरच चिडले! "मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. निम्म्या वाटेत सोडायचं होतं, तर हात धरलाच कशाला?"

झालं. माझा बांध फुटला.

"तुम्हाला कळत कसं नाही हो? दोन महिने बोरं आणता, हुरडा आणता, ऊन फार आहे म्हणता! एक वाक्य बोलता येत नाही तुम्हाला? ते तुम्ही बोललात तर मला उत्तर द्यायचंय! आणि तात्यांची डॉक्टर असताना मला ते देता येत नाही. डॉक्टरनं पेशंटच्या घरात तसा जीव लावायचा नसतो. म्हणून हा कागद! कळलं आता?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

रणधीर उठले. अंगणात गेले, पाकीट उचललं, शर्टाला पुसलं आणि बापापुढं उकिडवे बसले.

"तात्या, सही करा."

"का म्हून?"

"मला…" ते थांबले. ऊन फार आहे म्हणाले असते, तर मी खरंच जीप अंगावर घातली असती. "मला ह्यांच्याशी लग्न करायचंय, तात्या. पहिल्या दिवशी जीपमध्ये मला झाडलं ना, तेव्हापासून. बोलायची हिंमत होत नव्हती. शपथ घ्यायला लावून मीच तुम्हाला मरणाच्या दारात नेलं होतं, आणि ह्यांनी ते बघितलं होतं. कुठल्या तोंडानं विचारू?"

मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना भित्रा समजत होते, आणि हा माणूस एवढं ओझं घेऊन माझ्यासाठी टेबलं लावत होता. माझे डोळे भरून आले.

तात्या लेकाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले. "आन तुमचं काय म्हननं?"

"आधी सही," मी नाक पुसत म्हणाले. "सहीशिवाय मी एक अक्षर बोलणार नाही."

"लई कडक हाय गं ही," तात्या धुरपताबाईला म्हणाले.

"तुमास्नी कडकच पायजे," ती म्हणाली. "करा सही."

"आन त्यो वैजनाथ डाक्टर?"

"मी स्वतः तुम्हाला घेऊन जाणार," रणधीर म्हणाले. "दर पंधरा दिवसाला."

तात्यांनी हात पुढं केला. पाकिटातली एक गोळी काढून पाण्याशिवायच गिळली, मग पेन घेतलं. एकेक अक्षर कोरत, जीभ दातात धरून, ब-ल-भी-म लिहिलं. मला वाटलं, ह्या जन्मात संपत नाही ही सही.

"झाली," ते म्हणाले. "आता मी तुजा पेशंट न्हाय. बोल, पोरी."

मी कागद बॅगेत ठेवला. रणधीर अजून तसेच उकिडवे बसून माझ्याकडं बघत होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"हो," मी म्हणाले. "हो, हो, आणि हो. आता उठा तिथून, पायाला मुंग्या येतील."