नदीकाठचा बूस्टर

आदगोंडा आण्णांचा मळा गावापासून साडेतीन किलोमीटर, पार नदीच्या काठाला. आणि आण्णा एकदा उसात शिरले की त्यांना ना घड्याळ कळायचं ना भूक. आता जैनाचं घर म्हटल्यावर सांजचं जेवण दिवस मावळायच्या आत. आण्णा घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे. मग ते तसेच आडवे व्हायचे, आणि नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही असा नेम धरून बसलेल्या राजमतीअक्काही उपाशीच. आठवड्यातले चार दिवस हाच तमाशा. शेवटी अक्कांनीच फर्मान काढलं, "ते बिनतारेचं फोन आना. मी घरातनं हाक मारते."

अशा तऱ्हेनं मिलिंद त्या घरात आला. मूळचा वडूजचा, सांगलीत स्टँडच्या मागं रेडिओ-फोन दुरुस्तीचं खोपटाएवढं दुकान. हातात कसब, तोंड मात्र मिरचीसारखं तिखट. देव, भूत, नवस, अंगारा, कशाशीच त्याचं देणंघेणं नव्हतं. तार जोडली की आवाज येतो, तुटली की जातो, एवढंच त्याचं शास्त्र. माडीवर लोखंडी पाइप उभा करून त्यानं अँटेना लावली आणि कॉर्डलेस आण्णांच्या हातात दिला. तो कालव्यापर्यंत बोलला आणि पुढं नुसता खरखरला. मग कालव्यावरच्या मोटारीच्या खोलीत त्यानं बूस्टर बसवला. घरचा आवाज पकडायचा आणि पुढं ढकलायचा, हे त्या डब्याचं काम. आवाज मळ्यात खणखणीत पोचला. त्या दिवसापासून रोज साडेपाचला फोन वाजायचा आणि अक्का म्हणायच्या, "आवं, दिवस कलला. या जेवाय." दोन वर्षं नवराबायको वेळेवर जेवली.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर अक्का गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस्स.

महिन्याभरानं त्यांची लेक सुंदरी दुकानात आली. आई गेल्यापासून ती सासर सोडून बापाजवळच राहिली होती. डोळे खोल गेलेले, पदर कसाबसा सावरलेला.

"मिलिंददादा, आण्णा जेवंनात," ती म्हणाली. "आधी सांजचं सोडलं, आता आठ दिस झालं सकाळचंबी सोडलंय. फोन कानाला लावून नदीकाठाला बसत्यात. म्हनत्यात, तुझी आई बोलवतीया, पर आवाज तुटतोय. तिनं नीट हाक मारल्याबिगार जेवनार न्हाई. मरतील वो असंच."

मिलिंदला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त त्याला उलगडा झाल्याचा आनंद झाला. "अगं, कॉर्डलेस दुसऱ्याचं बोलनं पकडतो. नदीपल्याड कुनीतरी तसलंच मशीन घेतलं असंल. कुनी बाई आपल्या नवऱ्याला हाक मारत असंल."

"मग बंद करून टाका की मशीन."

"बंद केलं तर जन्मभर म्हनतील, माझ्या बायकोचा आवाज मिलिंद्यानं तोडला. उलट आवाज साफ करून देतो. परक्या बाईचा गळा एकदा नीट कानावर पडला की भ्रम फिटंल. चार शिव्या घालतील मला, पर जेवतील."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तशातली गत. पण त्या घडीला सुंदरीलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला मिलिंद मळ्याच्या शेवटच्या बाभळीवर आणखी एक बूस्टर बांधत होता. बॅटरी बुंध्याशी ठेवलेली. शेजारी आण्णा बसलेले. बारदान वाळत टाकावं तसा सदरा अंगावर लोंबत होता. मिलिंदनं केळं पुढं केलं तर त्यांनी ते हळूच बाजूला सारलं. "तिची हाक येऊ दे," म्हणाले.

रेंज बघायची मिलिंदची रीत एकच. घरी बसलेल्यानं आकडे मोजत राहायचं आणि यानं फोन घेऊन चालत सुटायचं. आकडा तुटला तिथं हद्द संपली. घरी सुंदरीनं मोजायला सुरुवात केली. मिलिंद काठ उतरून वाळूत आला. सदतीस नीट आला. अडतीस अर्धा आला. चाळीसनंतर नुसती खरखर.

तिथनंच मागं फिरायचं होतं. पण आणखी दहा पावलं बघू म्हणून तो पाण्याकडं गेला.

"त्रेपन्न. चोपन्न."

घराच्या अंगणातसुद्धा एवढा साफ आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. आपल्याच डब्याचं त्याला कौतुक वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, सुंदरी आकडे भरभर मोजते. हा गळा म्हातारा होता. दर आकड्यानंतर धाप घेत होता.

तो एक पाऊल मागं आला. आवाज बारीक झाला.

पुढं गेला. आवाज वाढला.

घर त्याच्या पाठीमागं होतं. पुढं नदी होती.

तो बाभळीकडं पळाला आणि बॅटरीच्या दोन्ही तारा ओढून काढल्या. डब्यावरचा लाल दिवा विझला. त्यानं फोन कानाला लावला.

"एकसष्ट."

मग मोजणं थांबलं. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"आवं, दिवस कलला. या जेवाय."

आण्णांनी हात पुढं केला. "आता साफ येतंया. लय उपकार झालं, गड्या."

"आण्णा, त्या अक्का न्हाईत."

"मग कोन हाय?"

मिलिंदनं फोन त्यांच्या हातात देऊन टाकला.

"आलो, आलो," आण्णा फोनमध्ये म्हणाले. काठ उतरले. पाण्याशी वाकून हात धुतले, चूळ भरली. पानावर बसावं तशी वाळूत मांडी घातली.

मिलिंदनं हाका मारल्या. खांद्याला हात लावला.

आण्णा कुशीवर कलंडले. नदीवर अजून ऊन होतं.

मिलिंद ढसाढसा रडला. मी मारला, माझ्या शहाणपणानं मारला, असं तो मोठमोठ्यानं म्हणत होता. ते ऐकून शेजारच्या मळ्यातला तात्याबा धावत आला आणि आण्णांपाशी बसून राहिला. मिलिंदनं फोन बंद केला, त्याच्यातली बॅटरी काढली, फोन एका खिशात आणि बॅटरी दुसऱ्या खिशात घातली, आणि एम-एटीला किक मारली. वाटभर तो एकच वाक्य जुळवत होता. सुंदरीला कसं सांगायचं?

सुंदरी माजघरात मशीनजवळ उभी होती, रिसीव्हर कानाला. त्याला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं. महिन्यात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला होता.

"जेवाय लागल्यात," ती कुजबुजली. "दुसरी भाकरी घेतली."

तिनं रिसीव्हर त्याच्या कानाला लावला.

भाकरी मोडल्याचा आवाज. सावकाश चावल्याचा. मग एक तृप्त ढेकर. आण्णांचाच.

मिलिंदचा हात आपोआप खिशावर गेला. फोन तिथंच होता, गार.

"सुंदरी जेवली का?" पलीकडनं अक्कांनी विचारलं.

मिलिंद मशीनची वायर शोधायला वाकला. तेवढ्यात सुंदरीनं त्याच्या हातातनं रिसीव्हर घेतला.

"न्हाई आई," ती म्हणाली. "अजून न्हाई."