बाहेरची बाजू

वळणावर वेग टिपणारा कॅमेरा बसला आणि शाळेच्या रस्त्याचं नशीबच फळफळलं. आधी तिथे माणसं जीव मुठीत धरून पलीकडे जायची. आता आजोबा मंडळी रस्त्याच्या मधोमध थांबून चष्मा पुसतात आणि गाड्या मुकाट वाट बघतात. दंड म्हटला की भलेभले सरळ होतात.

त्या कॅमेऱ्याचे फोटो तपासणं हे चिमणीच्या आईचं काम. गाडी वेगात आली की कॅमेरा फोटो काढणार. तिने गाडीचा नंबर वाचायचा, चालणाऱ्यांचे न् सायकलवाल्यांचे चेहरे पुसट करायचे आणि फोटो दंडाच्या नोटिशीबरोबर पाठवायचा. पूर्वी फोटोंचा ढीग पडायचा, आता दिवसाला एखादा.

"ताई, असंच चाललं तर आपल्या नोकऱ्या गेल्या म्हणून समजा," शेजारच्या टेबलावरचा जाड्या म्हणायचा.

"जाऊ देत की!" ती हसायची. तिला खरोखरच आनंद व्हायचा, कारण वर्षभर हट्ट धरून बसलेल्या लेकीला, चिमणीला, तिने अखेर सायकलने शाळेत जाऊ दिलं होतं.

एका सकाळच्या फोटोत चिमणीच सापडली. ती न् तिच्या तीन मैत्रिणी, चार सायकली. चिमणीचं तोंड उघडं, म्हणजे गात असणार. आवाजात पोरगी आईवर गेलेली. मागची गाडी कचकन ब्रेक दाबल्यासारखी पुढे झुकलेली. तिने हसतच चारही चेहरे पुसट केले. मग तिचा हात थांबला.

कोवळ्या उन्हात सावल्या लांब पडल्या होत्या. पाच. पाचवी गाड्यांच्या बाजूला, सायकलवर बसलेली, एक हात आडवा धरलेली. त्या जागी मात्र ना सायकल होती, ना माणूस.

तिने जाड्याला बोलावून फोटो दाखवला. "खांबाची असेल."

"खांब सायकल चालवतो होय रे?"

"ताई, सावलीला चेहरा नसतो. पुसायचं काय? द्या पाठवून."

तिने पाठवून दिला. संध्याकाळी मात्र राहवेना.

"चिमणे, तुमच्याबरोबर अजून कोणी असतं का गं?"

"काका असतात ना! वळणापर्यंत. ते नेहमी गाड्यांच्या बाजूने चालवतात, आम्हाला आत ठेवतात."

"मग सांगितलं नाहीस ते?"

"तू कुठे विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतः वळणावर जाऊन उभी राहिली. चौघी घंट्या बडवत, खिदळत आल्या. काका कुठेच नव्हते. मुली मात्र बाहेरच्या बाजूला एका सायकलीपुरती जागा सोडून चालल्या होत्या, आणि चिमणी त्या जागेकडे बघून हसत होती. आई हाक मारायला पुढे झाली. पण गाड्या लांबूनच हळू होत होत्या. कोण का असेना, पोर आतल्या बाजूला होती. तिने मनातल्या मनात हात जोडले.

मग एका दुपारी चिमणी नाचतच घरात शिरली.

"आई, आज मी बाहेरच्या बाजूने चालवली! काका म्हणाले, माझी पाळी संपली, आता तुझी."

तिने लेकीला घट्ट कवटाळलं. पोरगी ऊन ऊन, घामट, भुकेने वखवखलेली होती. तिने पोटभर खाऊ घातलं.

सकाळी कचेरीत आदल्या दिवशीचा फोटो आला होता. घरून चिमणी केव्हाच घंटा वाजवत निघून गेली होती.

चार सायकली. चिमणी गाड्यांच्या बाजूला, हसरी, एक हात आडवा.

तिने सावल्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

तीन.

चिमणीच्या चाकांखाली नुसतं ऊन होतं.