दोन फेरे कडेने, एक मधून

"सुट्टी म्हणे बटाट्यांची, आणि राबायचं आपण!" बटाटे काढायला म्हणून शाळेला सुट्टी होती; शेजारच्या वेंडेलनं भरलेली टोपली बांधावर आदळली. "बटाट्यांना कसली आलीय सुट्टी?"

"आहे की! जमिनीतून सुटका होते बिचाऱ्यांची!" नऊ वर्षांचा योस्ट चिखलाच्या हातांनी नाक पुसत म्हणाला.

त्याची बारा वर्षांची बहीण इर्मेल हसली नाही. ती कालपासून अस्वस्थ होती.

"वेंडेल, काल लीसमावशीचा हात बघितलास का रे?"

"हात? मी तर तिचे डोळे बघत होतो. रडत होती गं ती!"

ते खरंच होतं. काल गावात गोष्टींचे डॉक्टर आले होते. हो, औषधांचे नव्हे, गोष्टींचेच! डॉक्टर रीडम्युलर विद्यापीठातले. गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जुन्या गोष्टी ते टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत. या गावात त्यांना एक कोडं पडलं होतं. शरद ऋतूत आलुबुखारचा मुरांबा झाला, की प्रत्येक घर पहिला चमचा कुंपणाच्या दगडावर ठेवतं. का? "आमची आई ठेवायची," यापलीकडे कुणाला काही सांगता येईना. त्यामागची गोष्ट फक्त लीसमावशीला येत होती. एक्याऐंशी वर्षांची लीस सगळ्या गावाचीच मावशी होती.

तिचा भाचा कोनराड याने तिला रविवारचा काळा झगा घालून बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. "हात हलवू नकोस हं, मावशी! यंत्रात खरखर येते," म्हणून तिचे दोन्ही हात धरूनही ठेवले. मावशीनं सुरुवात केली, "एक होती मुलगी, तिचं एकच झाड..." आणि गप्प! तीनदा तेच झालं. डॉक्टरांनी हळहळत यंत्र बंद केलं.

"बघितलंत ना?" कोनराड हळूच म्हणाला. "दोन वर्षं मी तिला चुलीपाशी जाऊ देत नाही. सगळं विसरायला लागलीय. सोमवारी शहरातल्या वृद्धाश्रमात नेऊन सोडतोय."

कोनराड वाईट नव्हता. नुसता घाईचा माणूस! पण घाईच्या माणसांच्या हातून होतं ते नुकसान काही कमी नसतं.

"कोनराडकाकांनी हात सोडला, की तो मांडीवर फिरायला लागायचा," इर्मेल म्हणाली. "असा. दोन फेरे गोल, एक मधून आडवा."

वेंडेल ताडकन उठला. "अगं, हे तर मुरांबा ढवळणं!"

त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. तांब्याच्या काहिलीत मुरांबा दिवसभर रटरटतो, आणि लांब दांड्याचा लाकडी पळा फिरत राहतो. दोन फेरे कडेने, एक मधून. थांबलात की तळ लागलाच!

"मावशीनं ती गोष्ट जन्मात कधी रिकाम्या हातानं सांगितलेलीच नाही," इर्मेल म्हणाली. "तुला दोरीवरच्या उड्यांचं गाणं येतं ना? म्हण बघू, दोरीशिवाय!"

वेंडेलनं तोंड उघडलं, मिटलं. मग तो जागच्या जागी उड्या मारायला लागला आणि गाणं धडाधड बाहेर पडलं. "अरेच्चा!"

"आज शनिवार. डॉक्टर दुपारच्या बसनं जाणार, आणि कोनराडकाकांच्या काहिलीवर आज माझी पाळी आहे. चला!"

"पण काका?"

"ते माझ्याकडे लागलं!" योस्ट धूम पळाला.

अर्ध्या तासात सगळी जमवाजमव झाली. कोनराडच्या धुण्याच्या खोलीत काहिलीखाली चूल धडधडत होती. वेंडेलनं डॉक्टरांना यंत्रासकट मागच्या दारानं आणलं आणि गोठ्यातल्या दिव्यापासून वायर ओढली. योस्ट धापा टाकत आला. "काका डुकरांमागे ओढ्यापर्यंत गेलेत!"

"थाप मारलीस?" इर्मेलनं डोळे वटारले.

"छे! आधी डुकरं सोडली, मग सांगितलं. सगळं खरं!"

इर्मेलनं दारातून हाक मारली. "मावशी, माझे हात गळून गेले गं! जरा पळा धरतेस?"

"कोनराडनं मनाई केलीय, पोरी," मावशी काठी टेकत उंबऱ्याशी थांबली.

"मग तळ लागेल!"

"तळ लागेल?" मावशीनं काठी भिरकावली, बाह्या सारल्या. "माझ्या काहिलीला? सरक बाजूला!"

काहिलीचा तळ घासत पळा खरखर फिरला. दोन फेरे कडेने, एक मधून. पुन्हा दोन, पुन्हा एक. तिसऱ्या खेपेला मावशीचा आवाज त्या लयीत आपोआप मिसळला.

"एक होती मुलगी, तिचं एकच झाड. फळं पिकली की डोंगरावरून वारा यायचा आणि सगळी उधळून न्यायचा. एकदा ती म्हणाली, 'वारोबा, फळं ने, पण घटकाभर माझी काहील ढवळून दे.' 'हात्तिच्या! एका फुंकरीचं काम!' वारा ढवळत बसला. मुरांबा दाटत गेला, दाटत गेला, आणि वाऱ्याची बाही त्यात रुतली! 'सोडव मला!' 'आधी वचन दे. गावातल्या सगळ्या काहिली उतरेपर्यंत खोऱ्यात यायचं नाही!' वाऱ्यानं वचन दिलं. सुटल्यावर बाही चाटली आणि रडकुंडीला आला. 'इतकं गोड, आणि मला काहीच नाही?' मुलीला दया आली. 'पहिला चमचा तुझा. दगडावर ठेवीन.' तेव्हापासून वारा शब्द पाळतो. आपणही पाळायचा."

दारात कोनराड उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखलात. तो कधी आला ते कुणालाच कळलं नव्हतं.

"मावशी... सगळी आठवते तुला?"

"न आठवायला काय झालं? तूच हात धरून ठेवलेस, मेल्या!"

कोनराडची मान खाली गेली. "मी सोमवारची गाडी नको म्हणून सांगतो. आणि काहील... काहील तुझीच."

"बरं. आता दारातून हो बाजूला, उजेड अडतोय. आणि डुकरं मोजून घे."

डॉक्टरांनी मुलांसमोर हॅट काढली. "बावीस गावं फिरलो, आणि प्रत्येकाला नीट खुर्चीत बसवलं! किती गोष्टी मीच गप्प केल्या, देव जाणे. पोरांनो, आज तुम्ही मला माझं काम शिकवलंत."

"मग पहिला चमचा मला!" योस्ट म्हणाला.

"तो वाऱ्याचा!" सगळे एकदम ओरडले.

मावशी आणखी सहा वर्षं त्या चुलीपाशी उभी राहिली. आता बटाट्यांची सुट्टी नाही, काहिलीही फारशा उरल्या नाहीत. परवा पांढऱ्या केसांची इर्मेल विद्यापीठात ती टेप ऐकायला गेली.

"मागे सारखी खरखर येतेय," तिथली तरुण मुलगी म्हणाली. "हल्ली काढता येते. काढू का?"

इर्मेलचा हात मांडीवर फिरत होता. दोन फेरे कडेने, एक मधून.

"नको गं," ती म्हणाली. "ती काढलीस, तर मावशी बोलायची थांबेल."